थोडं सरकून बसा

१

लॉर्ना स्टॅनिफोर्थला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तिने कधी लपवलंही नव्हतं. छत्तीस वर्षं ती नवऱ्याबरोबर दलदली आणि खाड्या तुडवत हिंडली, वाऱ्याने कान बधिर होतील अशा बंधाऱ्यांवर तासन्‌तास बसली, पण ती पक्ष्यांसाठी नव्हेच. नेव्हिल पक्षी बघायचा आणि ती नेव्हिलला बघायची. एरवी बसगाड्यांच्या पोटाखाली झोपून ग्रीसने माखणारा हा माणूस, एकदा दुर्बीण डोळ्याला लावली की असा काही शांत व्हायचा की बघत राहावं. अर्ध्या मैलावर चिमणीएवढं काहीतरी हललं तरी हा त्याचं नाव, वय, नर की मादी, सगळं सांगून मोकळा. तिला त्याचं भारी कौतुक. चारचौघांत ती ते बोलून दाखवायची आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा.

गेल्या ऑक्टोबरात त्याच्या डोळ्यांच्या मधोमध डाग आले. कडेकडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले. हा वसंत ऋतू फार तर हाताशी होता. म्हणून मार्चच्या मध्यावर, तीन दिवसांसाठी, दोघं शेफील्डहून सफकच्या किनाऱ्याला निघाली. तिथे बोरूच्या बनात बिटर्न असतो. बिटर्न म्हणजे तपकिरी, रेघारेघांचा एक बगळा. चाहूल लागली की हा चोच आभाळाकडे करून उभा राहतो, आणि मग पंधरा हातांवरूनही तो बोरूतून वेगळा काढता येत नाही. नेव्हिलने त्याचा आवाज उभ्या जन्मात शंभरदा ऐकला होता. पक्षी एकदाही बघितला नव्हता.

"नाही दिसला तर नाही दिसला," गाडीत तो म्हणाला. "तू गाडी चालवतेस ते बघितलं. तेवढा थरार पुरे झाला मला."

"मग उतर आणि चालत ये," लॉर्ना म्हणाली.

तो हसला, पण तिला त्याच्या हसण्यातलं सगळं कळत होतं. तीन दिवस तो त्या फटीतून बघत बसणार आणि स्वतःच्या डोळ्यांतले डागच बघून घरी जाणार, ही धास्ती तिने निघाल्यापासून पोटात धरून ठेवली होती.

२

शुक्रवारी दुपारी तीनला दोघं शेवटच्या लपणात जाऊन बसली. लपण म्हणजे फळ्यांच्या वाटेच्या टोकाला उभं असलेलं डांबर फासलेलं लाकडी खोपट. आत भिंतीच्या लांबीचा एकच बाक, समोर डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट, फटीखाली कोपरं टेकायला फळी. आत ओल्या लाकडाचा वास होता. बाहेर पाणी, त्यात रोवलेला एक जुना खांब, पाण्यापलीकडे मैलभर बोरू, आणि त्यावर दुपारचं असं पिवळं ऊन पडलेलं की पक्षी नसता तरी पैसे वसूल झाले असते.

लपणात बसायची एक रीत आहे. बोलायचं ते कुजबुजत. दार हळू लावायचं. आणि मागे दार वाजलं की वळून बघायचं नाही. आलेल्या माणसाच्या तोंडाकडे टकमका बघणं हा गावंढळपणा. नजर फटीतच ठेवायची आणि थोडं सरकून जागा करून द्यायची. या रिवाजाला नेव्हिल आणि लॉर्ना इतकी सरावली होती की सरकल्याचं त्यांना कळतही नसे.

नेव्हिल दाराच्या बाजूला होता, लॉर्ना त्याच्या डावीकडे, आतल्या अंगाला. तासाभरात त्याला काही म्हणता काही दिसलं नाही.

"वर आभाळ दिसतंय, खाली पाणी दिसतंय," तो कुजबुजला. "मधेच कुणीतरी अंगठा टेकवून ठेवलाय."

मागे दार करकरलं. नेव्हिल सरकला, लॉर्ना सरकली. बाकाने आणखी एक वजन घेतलं. चर साफ करताना येतो तसला चिखलाचा गार वास आला.

"बोचरं वारं सुटलंय, नाही?" लॉर्ना समोर बघतच म्हणाली. उत्तर आलं नाही. पक्षीवाल्यांत असे नग असतातच, तिने मनावर घेतलं नाही.

पाच मिनिटं गेली असतील. नेव्हिल एकदम ताठ बसला. त्याने दुर्बीण उचलली, किंचित डावीकडे नेली, थोडी खाली आणली, आणि तिथेच धरली. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो आवाज न करता हसत होता.

"भोवत्या! अगं, नर आहे. पंजात उंदीर आहे त्याच्या. मादी बघ खालून आली. बघ, बघ आता!"

भोवत्या म्हणजे घारीसारखा एक शिकारी पक्षी. लॉर्नाला आभाळात दोन ठिपके दिसले. वरच्याने काहीतरी सोडलं आणि खालच्या ठिपक्याने उताणं होऊन ते हवेतल्या हवेत झेललं. एवढं मात्र तिलाही दिसलं. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. सहा महिन्यांत तो असा दिसला नव्हता.

साडेचारला दोघं उठली. निघताना शेजारच्याला काय काय दिसलं ते सांगून जायचं, हीही रीतच. लॉर्ना तोंडभर हसून वळली. बाकावर कुणी नव्हतं. दार बंद होतं. आत येताना करकरलेलं दार जाताना वाजलं कसं नाही, असं तिच्या मनात आलं खरं. पण त्या आनंदात तिचं तरी लक्ष कुठे होतं?

३

परतताना फळ्यांच्या वाटेवर नेव्हिल पुढे होता. वाट एका माणसापुरतीच.

"छुपी रुस्तम निघालीस तू," तो मागे न बघता म्हणाला. "छत्तीस वर्षं मला कळत नाही, कळत नाही म्हणून झोपा काढल्यास. आणि आज म्हणे, 'खांबाच्या डावीकडे दोन बोटं, आता थोडं खाली!' मी काय शिकवणार इतक्या नीट?"

हात लांब करून बोटांनी अंतर मोजायची ही पक्षीवाल्यांची पद्धत. लॉर्नाने ती जन्मात वापरली नव्हती.

"मी कुठे काय सांगितलं?"

"नाही तर कोण, राणीसाहेब आल्या होत्या? ते जाऊ दे, पण तू मुद्दाम उजव्या अंगाला येऊन बसलीस ना, ते बरं केलंस. डावा कान कामातून गेलाय माझा."

लॉर्ना थांबली. ती दीड तास त्याच्या डाव्या बाजूला बसून होती. पण फळ्यांवर नवऱ्याचे बूट मजेत टपटप वाजत होते. आलेली बाई असेल कुणीतरी भली. याला दिसत नाही हे ओळखून चार शब्द सांगून गेली असेल. कुजबुजीत सगळ्या बायकांचा आवाज सारखाच येतो. तिने स्वतःला एवढं समजावलं आणि ती चालू लागली.

४

संध्याकाळी सहाला 'रीडकटर्स'मध्ये शेकोटीजवळचं टेबल मिळालं. पबची मालकीण गूडरमबाई, रुंद खांद्यांची आणि मोठ्या आवाजाची. तिच्या हातच्या फिश पायचं आजूबाजूच्या तीन गावांत नाव होतं, आणि खोटं नव्हतं. वरचा बटाट्याचा थर कडांना करपलेला, आत धुरावलेला हॅडॉक मासा, आणि चमचा घातला की वाफेबरोबर येणारा लोण्याचा वास. लॉर्नाने पहिला घास घेऊन डोळेच मिटले.

"तुमचं लग्न झालंय का हो?" नेव्हिलने गूडरमबाईला विचारलं.

"तीनदा करून बघितलं," ती म्हणाली. "आता कुत्रा पाळलाय. तुमचा दिवस कसा गेला ते सांगा."

नेव्हिलला तेवढंच पाहिजे होतं. बिअरच्या ग्लासात भोवत्या घिरट्या घालतोय अशा थाटात त्याने सगळं सांगितलं. शेवटी लॉर्नाच्या पाठीवर थाप मारली. "आणि हे सगळं हिच्यामुळे. मला आता दिसत नाही हो धड. ही शेजारी बसून सांगत होती म्हणून."

गूडरमबाई रिकामी ताटली उचलता उचलता थांबली.

"कुठल्या लपणात बसला होतात?"

"शेवटच्या."

"आणि या तुमच्या कुठल्या बाजूला होत्या?"

"उजव्या," नेव्हिल म्हणाला.

"डाव्या," लॉर्ना म्हणाली.

नेव्हिलला हसू आलं. गूडरमबाई हसली नाही. तिने हातातलं फडकं काही कारण नसताना टेबलावरून फिरवलं.

"बाहेरून येणारी माणसं फार सभ्य असतात," ती लॉर्नाकडे बघत म्हणाली. "दार वाजलं की लगेच सरकतात. आम्ही इथले लोक नाही सरकत. आम्ही आधी वळून बघतो."

"का?"

"उद्या ऊन आहे म्हणतात. किनाऱ्यावर जा तुम्ही. सील बघा. वाळूवर लोळत असतात सध्या." आणि ती आत गेली. थोड्या वेळाने तिने दोघांसाठी गरम सुएट पुडिंग पाठवलं, न मागता.

"सील कसले बघायचेत?" नेव्हिल कस्टर्ड ओतत म्हणाला. "उद्या सकाळी आठला त्याच लपणात. तू आणि मी. उद्या बिटर्न दाखवतेस बघ तू मला."

नाही म्हणायला लॉर्नाची जीभ रेटेना.

५

शनिवारी ती आधी आत शिरली आणि दाराच्या बाजूला बसली.

"माझी जागा ढापलीस?"

"वारा लागतो तुला तिथे."

रात्रभरात तिने डोकं बऱ्यापैकी ताळ्यावर आणलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतंच की नजर जायला लागली की मेंदू उरलेलं मनाने भरतो. लोकांना फुलं दिसतात, जाळ्या दिसतात, माणसंही दिसतात. म्हणजे ऐकूही येत असेल. पण मेंदूने मनाने भरलेला भोवत्या तिलाही कसा दिसला, या प्रश्नापाशी ती दरवेळी अडत होती.

नऊ वाजता दार करकरलं. लॉर्ना सरकली नाही. ती वळली. माणूस आत येईल एवढं दार उघडं होतं आणि त्यातून फळ्यांवरचं ऊन दिसत होतं. बाकी काही नाही. ती उठली, दार लोटलं, वरून कडी घातली.

"कोण होतं?"

"वारा."

दहा वाजले. अकरा वाजत आले. नेव्हिलने दुर्बीण मांडीवर ठेवली.

"लॉर्ना, आज सांगत का नाहीस?"

"काय?"

"कालच्यासारखं." त्याने घसा साफ केला. "तुला म्हणालो नव्हतो, पण गेल्या महिन्यापासून मला माझं माझं काही सापडत नाही. काल तू सांगशील तिकडे नजर नेली की मधला डाग बाजूला व्हायचा. कसा कुणास ठाऊक. म्हटलं, आज पण होईल."

तिला भडभडून आलं. तिने दुर्बीण लावली आणि जीव तोडून शोधलं. "त्या, त्या खांबाजवळ बघ. डावीकडे. काहीतरी तपकिरी आहे."

त्याने बराच वेळ मान वाकडी करून कडेच्या नजरेने बघितलं. "लाकूड आहे ते, राणी," तो हळूच म्हणाला. त्याही अवस्थेत त्याने तिला चूक म्हटलं नाही.

तेवढ्यात तो आवाज आला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा खोल, घुमणारा. फळीवर ठेवलेल्या हातांना तो जाणवला, इतका जवळ. नेव्हिलने फळी दोन्ही हातांनी धरली.

"इथे आहे तो. चाळीस पावलांवर आहे, लॉर्ना! आणि मी हा असा बसलोय."

मागे कडी उचलल्याचा आवाज झाला. तिने स्वतःच्या हाताने घातलेली कडी. मग दार करकरलं.

आधी वळून बघायचं, हे तिला आठवत होतं. शब्द न्‌ शब्द आठवत होता. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याचे ओठ थरथरत होते, छत्तीस वर्षांत तिने ते तसे एकदाच, त्याच्या आईच्या दफनाला, बघितले होते. लॉर्ना वळली नाही. ती दाराच्या बाजूला सरकली आणि तिने नवऱ्याच्या आणि स्वतःच्या मध्ये एका माणसाची जागा केली. कुणी सांगितलं नव्हतं. तिने आपण होऊन, समजून उमजून केलं.

बाक करकरला. चिखलाचा वास आला.

नेव्हिलने दुर्बीण उचलली. डावीकडे नेली, थोडी खाली, परत एक केसभर वर. आणि तिथेच धरली.

"पाय हिरवे आहेत," तो म्हणाला. "कुठल्या पुस्तकात इतके हिरवे नाहीत. मानेवर रेघा, कुणीतरी बसून काढल्यासारख्या. एकेक पीस दिसतंय मला. एकेक पीस."

लॉर्नाने नजर समोर ठेवली होती. डाव्या बाजूला तिने बघितलं नाही. फक्त एकदा तिची नजर बाकावर गेली. चांगला पक्षी दिसला की नेव्हिल न बघता तिचा हात धरायचा, जुनी सवय. आताही त्याने उजवा हात टेकला होता. पण तो बाकावर नव्हता. बाकाच्या चार बोटं वर, कशावर तरी तो विसावला होता, आणि त्याचा अंगठा मायेने पुढेमागे फिरत होता.

"किती गार पडलेत हात तुझे," तो म्हणाला.

लॉर्ना उठली आणि बाहेर पडली. दार वाजलं. नेव्हिलने रीतीप्रमाणे वळून बघितलं नाही.

६

बाहेर ऊन होतं. हंसांचा एक थवा गळे काढत वरून गेला. इतकी सुरेख सकाळ होती की तिला स्वतःचीच लाज वाटली. सकाळी अंडं तेवढं खाल्लं होतं, चहाही अर्धाच घेतला होता. पोट रिकामं असलं की काहीबाही दिसतं. तो काय, आपल्याच मांडीवर हात ठेवून बसला असेल.

तीसेक पावलांवर वाट वळते आणि तिथून लपणाची समोरची बाजू दिसते. लॉर्नाने दुर्बीण लावली. काळी भिंत सापडली, मग फट, मग फटीत नेव्हिल. छत्तीस वर्षं तिने हा चेहरा बाजूने बघितला होता. पक्ष्यांना तो समोरून कसा दिसत असेल ते तिला आज दिसलं. एखाद्या पोराचा असावा इतका स्वच्छ, सुखाने उजळलेला. क्षणभर ती बाकी सगळं विसरली.

मग तिने दुर्बीण जराशी सरकवली.

त्याच्या शेजारी, फटीत जिथे चेहरा असायला हवा, तिथे गळा होता. बसलेल्याने तोंड सरळ वर, छताकडे केलेलं होतं. हनुवटीखालचा लांब, फिका गळा तेवढा दिसत होता. त्याभोवती लॉर्नाचाच हळदी रंगाचा मफलर होता. लॉर्नाने स्वतःच्या गळ्याला हात लावला. तिचा मफलर तिथेच होता. वाऱ्याची झुळूक आली, सगळा बोरू एका बाजूला कलला, आणि आत, भिंतीआड, जिथे वारा पोचत नाही, तिथे तो गळाही बोरूबरोबर कलला आणि बोरूबरोबर सरळ झाला.

ती धावत सुटली. फळ्या निसरड्या होत्या, ती एकदा गुडघ्यावर पडली, उठली. तिने दार धाडकन उघडलं.

"नेव्ह! ऊठ. आत्ताच्या आत्ता घरी जायचंय."

तो वळला नाही. नजर समोर ठेवून तो आतल्या अंगाला सरकला. बाक एकदा करकरला. लगेच पुन्हा एकदा करकरला. दाराजवळ एका माणसाची जागा रिकामी झाली.

"या ना, बसा. पुष्कळ जागा आहे," अनोळखी माणसाशी बोलतात तसं तो कुजबुजला. "समोर बिटर्न आहे. तुमचं नशीब थोर. मला डोळ्यांनी फारसं दिसत नाही हो, पण माझी बायको दाखवते."

"नेव्ह, अरे, मी आहे. मी लॉर्ना."

"हळू बोला हं जरा," तो अदबीने म्हणाला. "छत्तीस वर्षं म्हणत आली, मला त्यातलं काही कळत नाही. आणि मी मूर्ख, खरं मानत आलो. तिच्याइतकं जीव लावून बघणारं माणूस मी बघितलेलं नाही. तोंडावर कधी म्हणालो नाही मी हे. आता तुमच्यासमोर म्हणतो, ऐकू दे तिलाही."

लॉर्ना दार धरून उभी होती. मागे वाट मोकळी होती, वाटेच्या टोकाला गाडी होती, गाडीची किल्ली खिशात होती. पुढे तिचा नवरा होता, त्याच्या जन्मातल्या सगळ्यात सुखाच्या दिवशी. त्याच्या शेजारची जागा भरलेली होती. उरली होती ती त्याच्या शेजारच्याच्या शेजारची.

ती आत आली. तिने मागे दार लावलं, हळू, रीतीप्रमाणे. डावीकडे न बघता ती बसली आणि तिने नजर फटीत लावली.

"नेव्ह, आता किंचित वर," तिच्या डाव्या खांद्याशी कुणीतरी कुजबुजलं. "मान उंच करतोय बघ तो. सावकाश, राजा. घाई नाही आपल्याला."

त्या आवाजात नेव्हिलबद्दल इतकी माया होती की लॉर्नाला तो ओळखायला वेळ लागला नाही. तो तिचा स्वतःचा होता.